आठ ग्रॅमचा शिंजीर, चारशे किलोची म्हैस

ॲमेझॉनच्या गोड्या पाण्यातला मॅनाटी दिवसभर पाणवनस्पती चघळत संथ पडून असतो. तिथलाच हमिंगबर्ड मात्र सतत फुलांमागे धावतो. असं का, असं सोलापूरच्या एका वाचकाने विचारलंय.

उत्तरासाठी एवढ्या लांब कशाला जायचं? भीमेत डुंबणारी पंढरपुरी म्हैस बघा: पाण्यावर नाकपुड्या आणि खांद्यापलीकडे गेलेली शिंगं, बाकी सगळी गुडूप. आणि जास्वंदीवरचा जांभळा शिंजीर बघा. हा पठ्ठ्या पाकळ्यांच्या वाटेने जातच नाही. फुलाच्या बुडाशी चोच खुपसून मध पळवतो. (त्याला कुणी हमिंगबर्ड म्हणालं, तर जरूर टोका. हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर नाहीत.)

म्हैस 400 किलो, शिंजीर 8 ग्रॅम. वजनात 50,000 पटींचा फरक. पण म्हशीला ऊर्जा तेवढ्या पटीने लागत नाही. कपातला चहा लगेच निवतो, बंबातलं पाणी तासन्‌तास ऊन राहतं. लहान देहाला वजनाच्या मानाने कातडी जास्त, म्हणून उष्णता भराभर निसटते. माक्स रुबनर यांनी 1883 मध्ये लहानमोठ्या कुत्र्यांवर मोजमापं करून हे मांडलं. ऊर्जा वजनाच्या कितव्या घाताने वाढते? त्यांचा घात होता दोन-तृतीयांश.

1932 मध्ये माक्स क्लायबर यांनी तो तीन-चतुर्थांशावर नेला. हे मूळचे स्वित्झर्लंडचे. कॅलिफोर्नियात डेव्हिसला गुरांच्या पोषणावर काम करायचे. जीवशास्त्रातला इतका गाजलेला नियम गोठ्याच्या आसपास जन्मला, हे पुस्तकं क्वचितच सांगतात! शिवाय तीन-चतुर्थांश स्लाइड रूलवर सोपा पडतो: घन करा, दोनदा वर्गमूळ काढा. या हिशेबाने म्हशीला शिंजिराच्या ढोबळमानाने 3,300 पट ऊर्जा लागते. म्हणजे ग्रॅममागे शिंजिराचा खर्च पंधरापट.

1997 मध्ये वेस्ट, ब्राउन आणि एन्क्विस्ट यांनी रक्तवाहिन्यांच्या फाट्यांच्या गणितातून हाच घात काढून दाखवला आणि ‘सार्वत्रिक नियमा’चा गाजावाजा झाला. दोन-तृतीयांशवाले अजून हटलेले नाहीत. मला विचाराल तर तीन-चतुर्थांश ही चांगली सरासरी आहे, कायदा नव्हे.

पुरावा हवा तर मॅनाटीच घ्या. वजनाने आपल्या म्हशीच्याच तोलाचा, पण त्याचा ऊर्जाखर्च क्लायबरच्या अंदाजाच्या जेमतेम एक-तृतीयांश. पाणी आटलं, चारा संपला, की हा गडी महिनोन्‌महिने अंगातल्या चरबीवर काढतो. दुभत्या म्हशीला हे जमायचं नाही.