बाटली आधीच का भरून ठेवत नाहीत?

चुडाव्याहून केमोसाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय गाठायचं म्हणजे पूर्णा, परभणी, जालना असा रेल्वेचा लांब पल्ला. एवढं करून पोहोचलं की आधी रक्ताची तपासणी आणि मग नुसतं बसून राहणं. ‘औषध तयार होतंय’ हे ऐकून सोबतचा माणूस वैतागतो. आदल्या रात्रीच बाटली भरून ठेवली तर काय बिघडतं?

पुष्कळ बिघडतं. रक्तात पांढऱ्या पेशी फार कमी निघाल्या तर त्या दिवशीचा डोस पुढे ढकलतात. भरलेलं महागडं औषध मग वाया जातं. त्याहून मोठी अडचण रसायनाची. बंद व्हायलमधली कोरडी पूड महिनोन्‌महिने टिकते, पण एकदा पाण्यात कालवली की तिचं आयुष्य तासांवर येतं. अ‍ॅझासायटिडिन फ्रिजबाहेर तासाभरातच द्यावं लागतं. बोर्टेझोमिबला आठ तास मिळतात.

मग फ्रिज आहेच की! पण सिसप्लॅटिन थंडीत खाली बसतं, फ्लुरोयुरॅसिलचे खडे होतात. शिवाय लेबलवर लिहिलेलं खोलीचं तापमान साधारण २५ अंशांचं असतं. मे महिन्यात परभणीचा पारा चाळिशी ओलांडतो. एसी बंद पडलेल्या खोलीत लेबलवरच्या तासांवर भरवसा ठेवता येत नाही.

सगळ्यात गमतीची गोष्ट प्लॅटिनमच्या औषधांची. सिसप्लॅटिनच्या रेणूत प्लॅटिनमला क्लोरीनचे दोन अणू जोडलेले असतात. साध्या पाण्यात ते सुटू लागतात. सलाईनमध्ये क्लोराइड मुबलक असल्याने जागेवर राहतात. पेशीच्या आत क्लोराइड कमी, तिथे ते सुटतात आणि प्लॅटिनम डीएनएला जखडतं. बाटलीत जी मोडतोड टाळायची, तीच पेशीत हवी असते. ऑक्सॅलिप्लॅटिन हे त्याचं सख्खं भावंड, पण त्याला सलाईन वर्ज्य, कारण क्लोराइडच त्याचा रेणू फोडतं. ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळतात. ट्रॅस्टुझुमॅबचं नेमकं उलटं: सलाईन चालतं, डेक्स्ट्रोज नाही, आणि प्रथिन असल्याने व्हायल जोरात हलवायचीही नाही. पॅक्लिटॅक्सेलचा द्रावक तर पीव्हीसीच्या पिशवीतलं प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायनच ओढून घेतो.

चूक झाली तर ती किती महाग पडते, हे व्हिन्क्रिस्टीन सांगतं. शिरेऐवजी पाठीच्या कण्यात गेलं तर ते जीव घेतं. म्हणून ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या पिशवीत तयार करावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सुचवलं.

धोका कालवणाऱ्यालाही आहे. ही औषधं हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत जनुकांत बदल घडवू शकणारे अंश फिनलंडच्या संशोधकांना १९७९ मध्ये आढळले. म्हणून हे काम उघड्या टेबलावर करायचं नसतं. त्यासाठी गाळलेली हवा वरून खाली सोडणारं बंदिस्त कपाट लागतं, हातात दुहेरी मोजे लागतात. घरच्यांनीही डोसनंतर दोन दिवस रुग्णाची उलटी, लघवी साफ करताना हातमोजे घालावेत.

जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कॅन्सर डे-केअर केंद्रं उभारण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. ती केंद्रं उभी राहिली तर चुडाव्याच्या रुग्णाचा मोठा प्रवास वाचेल. उद्घाटनाला खाटा मोजल्या जातील. औषध कालवायचं ते बंदिस्त कपाट, ते चालवणारा प्रशिक्षित फार्मासिस्ट आणि वीज गेल्यावरचा जनरेटर यांची चौकशीही तेव्हाच व्हायला हवी.