बी जमा, माळ खर्ची

मार्च 2023 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात रॉकफर्ड विमानतळाशेजारचा बेल बोल नावाचा प्रेअरीचा, म्हणजे मूळ गवताळ माळाचा, तुकडा बुलडोझरखाली गेला. मालवाहू विमानांच्या विस्तारासाठी रस्ता हवा होता. 2021 च्या ऑगस्टमध्ये तिथे रस्टी पॅच्ड बम्बलबी दिसली होती. ही केसाळ मधमाशी केंद्र सरकारच्या संकटग्रस्त यादीतली, म्हणून यंत्रं काही काळ थांबली. कोर्टकचेरी झाली, लोक फलक घेऊन उभे राहिले, आणि शेवटी पाच-सहा एकरांचा, कधी नांगर न लागलेला तो खडीचा माळ गेलाच.

त्याच महिन्यात आमच्या मंडळाच्या पाडव्याच्या तयारीत एका गृहस्थांनी माझं सांत्वन केलं. “अहो वहिनी, एवढं काय मनाला लावून घेता? बी आहे ना तुमच्या त्या बँकेत? लावतील परत दुसरीकडे.” ते वाक्य अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही. शिवाय ते त्यांचं एकट्याचं नाही. कुठेही गोदाम नाहीतर रस्ता आडवा आला की सूटबूटवाले सल्लागारही हेच ऐकवतात, फक्त जरा गुळगुळीत करून. म्हणून या बँकेची हकिगत एकदा नीट सांगायला हवी.

जुना इतिहास थोडक्यात उरकते. इलिनॉयमध्ये एकेकाळी सव्वादोन कोटी एकरांच्या आसपास प्रेअरी होती. 1837 मध्ये जॉन डियरने याच राज्यात पोलादी फाळाचा नांगर काढला, चिकट काळी माती फाळावरून सुटू लागली आणि पुढच्या काही दशकांत सगळा मका झाला. चांगली म्हणावी अशी मूळ प्रेअरी आज शंभर टक्क्यांतला एक शतांश टक्कासुद्धा उरलेली नाही. उरली ती जिथे नांगर घालायची लोकांना लाज वाटली किंवा गैरसोय झाली तिथे, म्हणजे वसाहतवाल्यांच्या जुन्या दफनभूमींत आणि रेल्वेच्या कडेला. 1960 च्या दशकात रॉबर्ट बेट्झ नावाचे जीवशास्त्राचे प्राध्यापक अशा दफनभूमी धुंडाळत हिंडले. 1975 पासून त्यांनी फर्मीलॅब या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत वर्तुळाकार प्रवेगकाच्या आतल्या जमिनीवर प्रेअरी पेरायला घेतली. यासाठी दहा-वीस वर्षं लागतील, असं त्यांनी सांगितल्यावर संचालक रॉबर्ट विल्सन म्हणाले, मग आज दुपारीच सुरुवात करू या, असं सांगतात. असे संचालक हल्ली कुठे मिळतात, ठाऊक नाही.

नव्वदचं दशक मात्र मला कंटाळवाणं गेलं. प्रेअरी टिकवायला गवत जाळायचं की नाही, मधली झाडं कापायची की नाही, यावर नुसत्या सभा. 1996 मध्ये तर शिकागो परिसरातल्या कुक आणि ड्युपेज काउंट्यांनी हे सगळं कामच स्थगित केलं. प्रेअरीसाठी झाडं तोडतात म्हणून लोक संतापले होते. ज्यांनी आयुष्यात कधी गवताकडे खाली वाकून पाहिलं नाही, ते एकाएकी वृक्षप्रेमी झाले. यावर अधिक लिहिण्याची माझी इच्छा नाही.

नवं शतक उजाडलं आणि वारं फिरलं. इंग्लंडात क्यू उद्यानाची मिलेनियम सीड बँक वेकहर्स्टला उभी राहिली होती. 2001 मध्ये अमेरिकेच्या भूव्यवस्थापन विभागाने क्यूच्या साथीने ‘सीड्स ऑफ सक्सेस’ सुरू केलं. पश्चिमेकडचे मोठे वणवे नुकतेच होऊन गेले होते आणि जळालेल्या जमिनीवर पेरायला देशी बी पुरेसं नव्हतं, हे त्यामागचं रोकडं कारण. शिकागो बोटॅनिक गार्डन त्यात आलं आणि उंच गवताच्या प्रेअरीतल्या दीड हजार जातींचं बी जमवायचं ठरलं. ते माझं दशक. मुलगी कॉलेजला गेलेली, प्रयोगशाळेतली माझी नोकरी अर्धवेळ झालेली, आणि शनिवार मोकळा.

बी गोळा करणं म्हणजे पिशवी घेऊन ओरबाडणं, अशी पुष्कळांची समजूत असते. नियम कडक होते. त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी पाचवा हिस्साच घ्यायचा, बाकीचं माळाचं. निदान पन्नास वेगवेगळ्या झाडांवरून घ्यायचं, नुसत्या देखण्या झाडांवरून नाही. एकेका जातीचं दहा हजारांहून जास्त बी हवं. आधी दोन-चार बिया ब्लेडने चिरून पाहायच्या, आत गर आहे की पोकळ. सोबत झाडाचा एक नमुना वर्तमानपत्रात दाबून वाळवायचा, म्हणजे उद्या कोणी नाव चुकलं म्हणालं तर पुरावा हाताशी.

प्रत्येक झाडाची खोडी वेगळी. न्यू जर्सी टीची बोंडं वाळली की फटकन फुटतात आणि बी हातभर लांब उडतं. त्यांना आधीच जुन्या नायलॉनच्या मोज्यांची टोपरी बांधून ठेवायची. आमच्या गटातल्या एका निवृत्त पोस्टमास्तरीणबाई ते मोजे गावभरातून मागून आणायच्या. कंपास प्लांटचं बी चपटं, हाताला डिंक चिकटवणारं. बिग ब्लूस्टेमच्या तुऱ्यांनी पिशवी भरून यायची आणि चिरून पाहावं तर निम्म्याहून अधिक पोकळ. आणि प्रेअरी ड्रॉपसीड! सप्टेंबरच्या उन्हात त्याच्या तुऱ्यांना चक्क कोथिंबिरीच्या जवळपासचा वास येतो. इतरांना त्यात मक्याच्या लाह्या आठवायच्या. मला लंच टाइमच्या आधी भूक लागायची.

गोळा केलेलं बी गार्डनमध्ये साफ व्हायचं. पंधरा टक्के आर्द्रतेत हळूहळू वाळवायचं, मग हवाबंद पाकिटात उणे वीस अंशांवर. 2009 मध्ये तिथे नवी संशोधन इमारत झाली आणि शीतकोठीला हक्काची जागा मिळाली. त्याच वर्षी क्यूने जगातल्या वनस्पतींपैकी दहा टक्के जाती जमवल्याचं जाहीर केलं. त्या टप्प्यावरची जात होती चीनमधली एक गुलाबी रानकेळ. आम्ही प्रेअरीवाल्यांनी केळीचा केक आणून ते साजरं केलं.

त्या वर्षांतली माणसं मात्र सगळीच अशी नव्हती. एका कार्यालयात परवान्याचा अर्ज इतका पडून राहिला की सही होईपर्यंत लेडप्लांटचं सगळं बी गळून गेलं. साहेबांनी वर सुचवलं, पुढच्या वर्षी या. आणि आमच्या वसाहतीच्या समितीने माझ्या परसातल्या ब्लूस्टेमला ‘तण’ ठरवून नोटीस लावली. ते गवत या मातीतलं, समितीच्या हिरवळीचं गवत युरोपातलं, आणि परकं कोण तर माझं! (उलटंही होतं म्हणा. आमच्या दख्खनच्या बांधावरचं मारवेल चाऱ्यासाठी टेक्ससमध्ये आणलं गेलं, आणि आज तिथल्या प्रेअरीत ते हुसकून निघत नाही.)

कोठी भरत होती तेव्हा बाहेर काय चाललं होतं? 2007 च्या ऊर्जा कायद्याने इथेनॉलला बळ दिलं, मक्याचे भाव चढले. 2006 ते 2011 या काळात दोन्ही डकोटा, नेब्रास्का, मिनेसोटा आणि आयोवा मिळून तेरा लाख एकरांच्या आसपास गवताळ जमीन मका-सोयाबीनखाली गेली. ती सगळी मूळ प्रेअरी नव्हती, पण मूळ प्रेअरीसुद्धा त्यात होती. म्हणजे ज्या दशकात आम्ही मोजे बांधून एकेक बी वाचवत होतो, त्याच दशकात माळ गाडीभरून जात होता. कणगी भरली म्हणून शेत विकणाऱ्या माणसाला गावात कोणी शहाणा म्हणत नाही, पण इथे त्याचा अहवाल निघतो.

2012 ने ते दशक संपवलं. मार्चमध्येच शिकागोत उन्हाळा उतरला, लागोपाठ ऐंशी फॅरनहाइटच्या वर, फुलं वेळापत्रक सोडून उमलली. पुढे अवर्षण पडलं. माळावर बी होतं ते सुरकुतलेलं, हलकं.

त्या गृहस्थांना सांगायचं राहिलं ते आता लिहिते. बँकेत बी राहतं, माळ राहत नाही. वुड बेटनी ही शेजाऱ्यांच्या मुळांतून रस शोषून जगते. तिला एकटीला पाकिटातून काढून कुठेही टाकलं तर ती धड वाढत नाही. पांढऱ्या झालरीच्या प्रेअरी ऑर्किडचं बी धुळीसारखं, मातीतली ठरावीक बुरशी भेटल्याशिवाय रुजत नाही. त्या फुलाला रात्री येणारा पतंगही लागतो. फर्मीलॅबची प्रेअरी पन्नाशीची झाली. उत्तम माणसांनी ती वाढवली, तिचं कौतुक आहेच, पण जुन्या दफनभूमीतल्या कोपऱ्यात जी नाजूक जातींची दाटी दिसते ती तिथे अजून नाही. वणवा विझल्यावर, पूर ओसरल्यावर पेरायला बी हवंच, त्यासाठी बँक आहे. बुलडोझरला परवाना द्यायला नाही.

आणि बँकेलाही माणसं लागतात. ठरावीक वर्षांनी पाकिटं उघडून बी जिवंत आहे का ते रुजवून पाहावं लागतं. साठा जुना होतो, पुन्हा माळावर जावं लागतं. 2025 च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनने शेती आणि भूव्यवस्थापन खात्यांतल्या नव्या भरतीच्या हजारो लोकांना एका फटक्यात घरी पाठवलं. काहींना कोर्टामुळे परत बोलावलं, काही आपणहूनच फिरकले नाहीत. आमच्या शनिवारच्या गटात शिकून सरकारी नोकरीत गेलेली एक मुलगी त्यांतली. बी पोकळ आहे की भरलेलं, हे ती ब्लेड न लावता नुसतं चिमटीत धरून सांगायची. आता ती विमा कंपनीत दावे तपासते, पगार बरा आहे म्हणते. ड्रॉपसीड पिकायला आलं तसा मी तिला फोन केला. शनिवारी येते म्हणाली, पण गाडी तुमची, पेट्रोलही तुमचं.