नवी आवृत्ती की स्थिर आवृत्ती? कार्यालयातील संगणकाविषयी थोडेसे



या त्रैमासिकात आपण वसतिगृहाच्या, दवाखान्याच्या आणि महिला बचत गटांच्या बातम्या वाचता. या अंकात कार्यालयात हिशेब सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला लिहायला सांगितले आहे. कारण असे की, गेल्या वार्षिक सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले होते, "आपले सॉफ्टवेअर फुकट आहे ना? मग नवीन आवृत्ती आली की लगेच का घेत नाही?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला एका चुकीतून मिळाले, आणि ती चूक माझी होती.

आपल्या जव्हार-मोखाडा भागातल्या गटांच्या बहिणी नागलीचे पापड, वरई आणि मध केंद्रावर आणून देतात. वजन होते, पावती फाटते, आणि कोणाचे किती देणे आहे ते संगणकात चढते. महिन्याच्या पहिल्या बाजारच्या दिवशी पैसे वाटले जातात. हे सारे आम्ही एका ओपन सोर्स प्रणालीवर करतो. तिचे नाव सांगण्याची गरज नाही, कारण दोष तिचा नव्हता.

काही वर्षांपूर्वी, दिवाळी उलटून गेल्यावर, त्या प्रणालीच्या पुढच्या आवृत्तीत एक सुंदर सोय येत असल्याचे मी पाहिले. प्रत्येक बहिणीचा हिशेब एकाच पानावर, मोबाइलवरही दिसणार होता. ती आवृत्ती अजून तयार व्हायची होती, पण उतरवून घ्यायला मोकळी होती. मला राहवले नाही. एका संध्याकाळी मी ती थेट कार्यालयाच्या चालू हिशेबावर बसवली. साठ्याचा हिशेब नव्या रचनेत आणण्याचे काम मध्येच अडकले. निम्म्या नोंदी नव्या पद्धतीत, निम्म्या जुन्या. देण्यांची यादी निघेना. मागे जाऊ म्हटले, तर जुनी आवृत्ती तो बदललेला हिशेब वाचेना. शेवटची चांगली प्रत होती नऊ दिवसांपूर्वीची.

दोन दिवसांनी बाजार होता. बायका आल्या, आणि मला सांगावे लागले की पुढच्या आठवड्यात या. त्या भागात भातकापणी झाली की कितीतरी कुटुंबे वीटभट्टीच्या कामाला बाहेर पडतात. एक मावशी म्हणाली, "दादा, परवा ट्रक येणार. पुढच्या आठवड्यात मी हितं नसंन." आम्ही पावतीपुस्तकावरून नऊ दिवसांच्या नोंदी पुन्हा भरल्या. त्याला चार दिवस लागले. ट्रक त्याआधीच गेला होता. पाच कुटुंबांचे पैसे पाकिटात घालून कपाटात ठेवले. माणसे शिमग्याला घरी परतली, तेव्हा ते त्यांच्या हाती पडले. त्या मावशीने दिलेल्या पापडांचा हिशेब घराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवला होता. तो आमच्या यादीशी तंतोतंत जुळला. तिची नोंदवही माझ्या संगणकापेक्षा जास्त भरवशाची ठरली.

आता मूळ गोष्ट समजावून सांगतो.

ओपन सोर्स म्हणजे ज्याची घडण सर्वांना उघडी आहे असे सॉफ्टवेअर. ते कोणीही वापरावे, तपासावे, सुधारावे, अशी परवानगी त्याच्या परवान्यातच असते. त्यामुळे त्याचे पूर्ण झालेले काम जसे आपल्याला मिळते, तसे अर्धवट कामही उघड्यावर असते. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचा कारखाना सहसा आपल्याला दिसत नाही, इथे मात्र कारखान्याचे दार उघडे असते. दार उघडे दिसले म्हणून भट्टीतली कच्ची वीट उचलून भिंतीला लावायची नसते, एवढेच लक्षात ठेवायचे.

मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने घडवलेली ईआरपीनेक्स्ट ही प्रणाली उदाहरणादाखल घेऊ. खरेदी, साठा, हिशेब अशा कामांसाठी ती वापरतात, आणि ती जीपीएल या मुक्त परवान्याखाली मिळते. तिच्या १३, १४, १५ अशा क्रमांकाच्या आवृत्त्या निघाल्या, आणि प्रत्येकीची वेगळी शाखा असते. याशिवाय 'डेव्हलप' नावाची एक शाखा असते. नवे काम आधी तिथे होते. क्रमांकाच्या शाखेत मुख्यतः दुरुस्त्या येतात, पाया हलवणारे बदल टाळले जातात. यालाच स्थिर आवृत्ती म्हणतात. डेव्हलप शाखा आज एक तर उद्या दुसरी असू शकते. तिच्यावर काम करणारे तसे लपवतही नाहीत.

बेल्जियममधली ओडू ही प्रणाली साधारण दर वर्षी एक मोठी आवृत्ती काढते आणि शेवटच्या तीन मोठ्या आवृत्त्यांना आधार देते. संगणक चालवणाऱ्या डेबियन या प्रणालीत तर स्थिर, चाचणीतली आणि अस्थिर असे तीन स्पष्ट भाग आहेत. स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते. १२ वी जून २०२३ मध्ये निघाली. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' चित्रपटातल्या पात्रांची नावे देतात. अस्थिर भागाचे नाव कायम 'सिड', म्हणजे त्या चित्रपटात खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा. याहून स्पष्ट इशारा कोणता हवा?

मग कोणी विचारील की जुनी आवृत्ती धरून बसलेले बरे का? तेही नाही. जुनी म्हणजे स्थिर नव्हे. स्थिर आवृत्तीलाही आयुष्य असते. तिला दुरुस्त्या मिळत आहेत तोवरच ती सुरक्षित. अनेक संस्थांच्या सर्व्हरवर असलेल्या सेंटओएस ७ या प्रणालीचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. त्यानंतर जे छिद्र सापडेल ते तिचे घडवणारे बुजवणार नाहीत. देणगीदारांची नावे, पत्ते, पॅन क्रमांक आपल्याकडे विश्वासाने ठेवलेले असतात. ते अशा फुटक्या मडक्यात ठेवणे हाही कारभारातला निष्काळजीपणाच.

आपल्या भागातला शेतकरी हे शहाणपण आधीपासून जाणतो. नवे बी मिळाले तर तो सगळ्या शेतात पेरत नाही. बांधाकडच्या एका वाफ्यात लावून पाहतो. पाऊस कमी झाला तर कसे, रोग पडला तर कसे, हे बघतो आणि मग पुढच्या वर्षी ठरवतो. घरच्या खाण्याचे भात मात्र ओळखीच्या बियाण्याचे असते. त्याच रीतीने आम्ही आता पुढील नियम पाळतो.

१. बहिणींचे देणे आणि देणग्यांचा हिशेब ज्यावर चालतो, तिथे फक्त स्थिर आवृत्ती.

२. नवी मोठी आवृत्ती निघाली तरी काही महिने थांबायचे. पहिल्या दुरुस्त्या येऊ द्यायच्या.

३. मार्च ते मे मोठा बदल करायचा नाही. मार्चअखेर वर्षाचा हिशेब मिटतो, आणि ३१ मेपर्यंत देणगीदारांचे विवरण आयकर खात्याकडे भरायचे असते. तसेच दिवाळी ते भट्टीचे ट्रक सुटेपर्यंतही नाही.

४. कोपऱ्यातला जुना संगणक हा आमचा वाफा. प्रत्येक बदल आधी तिथे, हिशेबाच्या नकलेवर करून पाहायचा. देण्यांची यादी बरोबर निघाली तरच पुढे.

५. हिशेबाची प्रत रोज काढायची. एक कार्यालयात, एक बाहेर. आणि दर तिमाहीला ती प्रत खरोखर उघडून पाहायची. न तपासलेली प्रत ही नुसती आशा असते.

६. आपल्या आवृत्तीचा आधार कधी संपतो ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवायची.

विकासाधीन आवृत्ती वाईट असते, असे मात्र कोणी समजू नये. तिला वापरून पाहणारे, चुका कळवणारे, मराठी भाषांतर तपासणारे लोक नसतील तर उद्याची स्थिर आवृत्ती घडणारच नाही. आपण फुकट घेतो, तर थोडे परत देणेही योग्य. तुमच्या मंडळीतील तरुणांपैकी कोणी संगणक क्षेत्रात असतील तर त्यांनी महिन्यातून एक शनिवार आमच्या वाफ्यासाठी द्यावा, ही विनंती. या कामासाठी आम्ही बनावट नावांच्या नोंदी तयार ठेवल्या आहेत. बहिणींची किंवा देणगीदारांची खरी माहिती कोणाच्याही हाती देणार नाही.

त्या ज्येष्ठ सभासदांना माझे उत्तर एवढेच आहे. नवी आवृत्ती आम्ही घेतो, पण ती आधी वाफ्यात उगवून दाखवते. सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत हे खरे, पण ते बिघडले तर किंमत कोणीतरी मोजतेच. त्या वर्षी ती भट्टीवर गेलेल्या पाच कुटुंबांनी मोजली.

यंदा दिवाळीनंतरच्या पहिल्या बाजारात सर्वांचे पैसे ट्रक येण्याआधी हातात पडावेत, यासाठी आम्ही तयारी करीत आहोत. आपणही प्रार्थनेत आठवण ठेवावी.