एकच आकडा, दोन कहाण्या : लोहखनिज आणि ऑक्सिजनचे आयसोटोप

बाभुळगावात विहीर खोदली की आधी काळी माती, मग मुरूम आणि खाली काळा बसाल्ट लागतो. या बसाल्टमध्येही वजनाने साधारण १० टक्के लोह असतं, पण त्याला कोणी लोहखनिज म्हणत नाही. आता पूर्वेकडे निघा. वणी, चंद्रपूर मागे टाकून गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडला पोचा. तिथे हेमॅटाईटचे डोंगर आहेत आणि चांगल्या खनिजात लोह ६० टक्क्यांच्या वर जातं.

प्रश्न असा, की एवढं लोह एका जागी साठलं कसं? सुरुवात होते पट्टेदार लोहशैलापासून. प्राचीन समुद्राच्या तळाशी लोहाचा एक थर, सिलिकाचा एक थर, असा हा खडक साचत गेला. जगातले बहुतेक लोहशैल १८० कोटी वर्षांपेक्षा जुने आहेत. पण त्यांत लोह असतं जेमतेम ३० टक्के. म्हणजे ६० टक्क्यांपर्यंत जायचं तर मधली सिलिका निघून जायला हवी. ती कोणी नेली?

उत्तरं मुख्यतः दोन. पहिलं : पावसाचं पाणी वरून मुरलं आणि लाखो वर्षांत सिलिका विरघळवून घेऊन गेलं. दुसरं : भेगांमधून गरम पाणी फिरलं आणि त्याने हे काम केलं. हा वाद नुसता पुस्तकी नाही बरं का. वरून मुरलेल्या पाण्याचं खनिज खोल गेलं की सहसा विरळ होत जातं. गरम पाण्याचं मात्र भेगांच्या आधाराने खूप खोल उतरू शकतं. बोअर किती खोल घ्यायचे, साठा किती धरायचा, हे ठरवताना हे उत्तर लागतंच.

इथे स्थिर आयसोटोप मदतीला येतात. आधी एक गैरसमज काढून टाकू : आयसोटोप म्हटलं की वय काढायचं, असं नसतं. स्थिर आयसोटोप किरणोत्सर्गाने क्षय पावत नाहीत, त्यामुळे ते घड्याळ नव्हे. ऑक्सिजनच्या दर ५०० अणूंमागे साधारण एक अणू जड, म्हणजे ऑक्सिजन-१८ असतो; बाकी जवळपास सगळे ऑक्सिजन-१६. हे प्रमाण समुद्राच्या पाण्याशी ताडून दर हजारी फरकात लिहितात, त्याला डेल्टा मूल्य म्हणतात. समुद्र शून्य धरला तर पावसाचं पाणी सहसा ऋण येतं, कारण वाफ होताना हलके अणू आधी उडतात आणि ढगातून पडताना जड अणू आधी पडतात.

मग सोपं आहे ना? हेमॅटाईट मोजा, ऋण आलं की पाऊस! इथेच बरेच जण फसतात. हेमॅटाईट पाण्यातून ऑक्सिजन जशाच्या तसा उचलत नाही. किती फरक पडेल ते तापमानावर ठरतं. ढोबळ आकडे धरू : २५ अंशांना हेमॅटाईट पाण्यापेक्षा १ ने जड, २५० अंशांना ४ ने हलकं. आता पावसाचं पाणी उणे ४ आणि थंड असेल, तर हेमॅटाईट येईल उणे ३. खोल खडकांशी देवाणघेवाण होऊन अधिक १ झालेलं गरम पाणी असेल, तरीही उणे ३ च! अज्ञात दोन, समीकरण एक. शाळेतलं गणित आठवा.

म्हणून दुसरा साक्षीदार लागतो. त्याच वेळी वाढलेलं क्वार्ट्झ सापडलं तर दोघांच्या डेल्टा मूल्यांतल्या फरकावरून तापमान काढता येतं. क्वार्ट्झच्या शिरांमध्ये अडकलेले द्रवाचे सूक्ष्म थेंब तापवूनही तापमानाचा अंदाज येतो. एकाच बोअरमधले वरपासून खालपर्यंतचे नमुने घेतले तर मूल्य खोलीनुसार कसं बदलतं तेही दिसतं.

आणि नमुना निवडताना घाई नको. समजा हेमॅटाईटचं खरं मूल्य उणे ३ आहे आणि त्यात वजनाने ५ टक्के क्वार्ट्झ राहिलं, ज्याचं मूल्य अधिक १५ आहे. क्वार्ट्झमध्ये ऑक्सिजन ५३ टक्के असतो, हेमॅटाईटमध्ये ३०. हिशोब केला तर मशीन सांगेल साधारण उणे दीड. मशीनची काही चूक नाही; तुम्ही दिलं तेच त्याने मोजलं. सूक्ष्मदर्शकाखाली कण निवडत बसायचे ते यासाठी.

लोहाचेही चार स्थिर आयसोटोप आहेत : ५४, ५६, ५७ आणि ५८. पण त्यांचा जोर वेगळ्या प्रश्नावर आहे. मूळ समुद्रात लोहाचं ऑक्सिडीकरण कसं झालं, हे ते जास्त चांगलं सांगतात. म्हणजे आधी प्रश्न ठरवायचा, मग आयसोटोप.

तेव्हा संशोधनाची तयारी करताना एक सवय आत्ताच लावून घ्या. नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याआधी वहीत दोन रकाने आखा. थंड पाऊस खरा असेल तर काय आकडा यावा, गरम पाणी खरं असेल तर काय यावा, ते लिहा. दोन्हीकडे एकच आकडा येत असेल, तर ती मोजणी कितीही महागडी असली तरी तुमचा प्रश्न सोडवणार नाही. तिच्या जोडीला काय मोजायचं, ते ठरवा आणि मगच पैसे खर्च करा.