नातीची स्पर्धा आणि आमचा वॉर्ड



मागल्या थंडीत आम्ही लेकीकडे अमेरिकेत गेलो होतो. मिनेसोटा राज्यातलं ईडन प्रेरी हे तिचं गाव. एलिझाबेथ एलेट नावाच्या लेखिकेने तिथली बागेसारखी जमीन पाहून हे नाव दिलं. आम्हाला मात्र नुसतं बर्फच दिसलं!

घरात नातीची 'एथिक्स बोल'ची तयारी चालली होती. आम्हाला वाटलं, आमच्या वेळची वादविवाद स्पर्धा असेल. पण हे निराळं. १९९३ मध्ये शिकागोतले प्राध्यापक रॉबर्ट लेडनसन यांनी कॉलेजच्या मुलांसाठी ही स्पर्धा काढली. हायस्कूलच्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धा २०१३ पासून सुरू झाली, नॉर्थ कॅरोलायनात.

बरं-वाईट ठरवणं कठीण जाईल असे प्रसंग मुलांना आधीच वाचायला देतात. एक संघ आपलं मत मांडतो, दुसरा त्यावर बोलतो, मग परीक्षक प्रश्न विचारतात. पण विरुद्ध बाजू घेतलीच पाहिजे असं नाही. पटलं तर पटलं म्हणावं. आदराने बोलण्याचेही गुण असतात.

सरावाला नातीने विचारलं, "आजी, मोठा आजार असला तर पेशंटला सांगावं का?"

आम्हाला मुंबईचं एक इस्पितळ आठवलं. एका म्हाताऱ्या बाईंच्या मुलाने बजावलं होतं, आईला काही सांगू नका. एका रात्री त्यांनी आमचा हात धरून विचारलं, "सिस्टर, मी घरी जाणार ना?" आम्ही "हो" म्हणालो. तीन दिवसांनी त्या गेल्या. धाकट्या लेकीला बोलावून घ्यायचं त्यांच्या मनात होतं, हे मागाहून कळलं.

नात जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण आजी, मुलगा असं का म्हणाला असेल?"

इतक्या वर्षांत आम्ही हे कधी विचारलंच नव्हतं. त्याचा राग तेवढा धरून बसलो होतो. तोही घाबरलाच असेल.

तालमूदात सांगितलंय की हिल्लेल आणि शम्माय यांच्या शिष्यांत निवाडा हिल्लेलच्या बाजूने झाला, कारण ते शांत होते आणि शम्मायचं मत आधी सांगून मग आपलं सांगत. नातीने तेच केलं.

तिचा संघ काही पुढे गेला नाही. पण आज कोणी तसं विचारलं, तर आम्ही झटकन "हो" म्हणणार नाही. खुर्ची ओढून बसू आणि विचारू, "बाई, तुम्हाला काय वाटतं?"

बालमित्रांनो, या शब्बाथला जेवताना आजीआजोबांना एक अवघड प्रश्न विचारा. आणि आजीआजोबांनो, उत्तराची घाई करू नका हं!