स्वयंपाकघराची मांडणी : कार्याभ्यासाचे एक घरगुती उदाहरण

कार्याभ्यासाच्या पुस्तकात उदाहरण असते ते लेथवरच्या कामगाराचे, नाहीतर नट-बोल्ट जोडण्याच्या टेबलाचे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी अजून कारखाना आतून पाहिलेला नसतो. स्वयंपाकघर मात्र सगळ्यांनी पाहिलेले असते. म्हणून या टिपणात आपण तेच उदाहरण घेऊ. राहते घर आपले कधी वाटते आणि परके कधी वाटू लागते, हा प्रश्नही त्यात येईल, कारण मी हा विषय वर्गात शिकवून घरी येऊन त्यातच चुकलो आहे.

आधी थोडा इतिहास. फ्रँक गिलब्रेथ याने वीट रचणाऱ्या गवंड्याच्या हालचाली मोजल्या आणि एका विटेमागे १८ हालचाली होत होत्या त्या ५ वर आणल्या, हे तुम्ही वाचले असेल. १९२४ मध्ये तो वारला. त्याची पत्नी लिलियन त्याच कामातली भागीदार, स्वतः मानसशास्त्राची डॉक्टरेट मिळवलेली. पण बाईला काम द्यायला कारखानदार तयार नव्हते. मग तिने तीच पद्धत स्वयंपाकघराला लावली आणि १९२९ मध्ये ब्रुकलिनच्या एका गॅस कंपनीसाठी नमुन्याचे स्वयंपाकघर करून दाखवले.

त्याआधी १९२६ मध्ये जर्मनीत मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब असे स्वयंपाकघर आखले. आगगाडीच्या भोजनडब्यातले स्वयंपाकघर डोळ्यांपुढे ठेवून केलेली ही रचना. फिरते स्टूल, डाळ-तांदळासाठी नावे कोरलेले अ‍ॅल्युमिनियमचे खण, सगळे हाताच्या अंतरावर. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसवली गेली. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो त्याची ही आजी. तिच्यावरचा एक आक्षेप मात्र लक्षात ठेवा: त्यात एकच माणूस मावत असे.

पुढे १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात 'कार्य-त्रिकोण' मांडला गेला. शेगडी, सिंक आणि फ्रिज हे तीन बिंदू. कोणतीही बाजू ४ ते ९ फूट, तिन्ही बाजूंची बेरीज १३ ते २६ फूट. आपल्याकडचे कंत्राटदार अजून यावरच ओटा आखतात.

मीही आखला. रायपूरला आमचे घर आहे, स्वयंपाकघर साधारण ८ बाय १० फूट. (रायपुरात मराठी घर म्हणजे काही नवल नाही. भोसल्यांच्या अमलापासून मराठी माणसे इकडे आहेत, आणि १९५६ पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूरच होती.) वडील गेल्यावर आई वर्ध्याहून कायमची आमच्याकडे आली. तिच्याबरोबर दोन पोती भरून पितळेचे आणि स्टीलचे डबे आले, कुणाच्या तरी लग्नातली नावे घातलेले. त्याच सुमारास मी स्वयंपाकघर नवे करून घेतले. जुनी भिंतीवरची मांडणी काढली, ओट्याखाली ट्रॉल्या, पश्चिमेच्या खिडकीवर कपाट, एकाच मापाच्या २४ पारदर्शक बरण्या, त्यांवर छापील चिठ्ठ्या. त्रिकोणाची बेरीज १४ फूट. मला फार समाधान वाटले होते. तेव्हा त्या ओट्यापाशी चहापलीकडे मी स्वतः काहीच करत नव्हतो, हेही नोंदवून ठेवतो.

दिवाळीत पाहुणे आले असताना आईने शिरा केला आणि त्यात साखरेच्या जागी मीठ पडले. सगळे हसले, तीही हसली. त्यानंतर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्या बायकोला विचारू लागली, "मी काही करू का गं?" चाळीस वर्षे ज्या बाईला कुणी हा प्रश्न विचारायचे, ती आता तो विचारत होती. हळूहळू तेही बंद झाले. ती टीव्हीसमोर बसे आणि जेवायला हाक मारली की येई.

मला वाटले, वय झाले. आपल्या विषयातले उत्तर मला बरेच उशिरा सुचले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमाने उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर आपटत. वैमानिक पंखांचे फ्लॅप मिटायला जात आणि चाके मिटून बसत. अल्फान्स चॅपानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले तर दोन्ही बटणे शेजारी आणि दिसायला सारखी. त्याने चाकांच्या बटणावर रबराचे छोटे चाक बसवले, फ्लॅपच्या बटणावर पाचरीसारखा तुकडा. बोटाला फरक कळू लागला आणि त्या चुका थांबल्या. याला आकार-संकेतन म्हणतात. दोष माणसाच्या हातात नव्हता, सारख्या दिसणाऱ्या वस्तूंत होता.

आता आमच्या २४ बरण्या आठवा. आईच्या डब्यांत तांदळाचा डबा सर्वांत मोठा, साखरेच्या डब्याच्या झाकणाला पोचा, मीठ चिनी मातीच्या बरणीत, डाळीचा डबा उघडताना करकरणारा. तिला वाचावे लागत नव्हते. मी चार मिलिमीटरच्या अक्षरांत चिठ्ठ्या लावल्या आणि चष्मा दुसऱ्या खोलीत असणाऱ्या बाईला रोज परीक्षेला बसवले.

मग मी जे आधी करायला हवे होते ते केले: दोरा-आकृती, म्हणजे स्ट्रिंग डायग्रॅम. पद्धत सोपी आहे. खोलीचा नकाशा प्रमाणात काढून पुठ्ठ्यावर चिकटवा. माणूस जिथे जिथे थांबतो तिथे टाचणी टोचा. कुठून कुठे गेला याची क्रमाने नोंद करा आणि त्याच क्रमाने टाचण्यांभोवती दोरा फिरवा. शेवटी दोरा सोडवून मोजा आणि प्रमाणाने गुणा. आमचा नकाशा १:२० चा होता. सकाळच्या दीड तासात, डबे आणि न्याहारी होईपर्यंत, दोरा ४.६ मीटर लागला. म्हणजे बायकोची चाल ९२ मीटर. आईच्या नावावर शून्य.

दोऱ्याची गर्दी कुठे झाली ते अधिक बोलके होते. फ्रिजकडे चार फेऱ्या, पाण्याच्या माठाकडे १७. कणकेचा डबा आणि मिसळणाचा डबा यांच्याकडे त्याहून जास्त. त्रिकोणातला एक कोपरा आमच्या पोळी-भाजी-वरण-भाताच्या घरात जवळजवळ रिकामा होता, आणि जे खरे कोपरे होते ते मी आखलेच नव्हते. निवडणे, टिपणे, सोलणे, वाटणे ही बसून करायची कामे. त्यांना तर जागाच नव्हती.

उंचीचाही हिशेब करून पाहा. उभ्या माणसाची कोपराची उंची सुमारे ०.६३ × शरीराची उंची. आई १४७ सेंटिमीटर, म्हणजे कोपर साधारण ९३ वर. हलक्या कामाला पृष्ठभाग त्याच्या १० सेंटिमीटर खाली हवा, कणीक मळण्यासारख्या जोराच्या कामाला १५ ते २० खाली. म्हणजे ७५ च्या आसपास. आमचा ग्रॅनाइटचा ओटा ८६ वर. ती खांदे उचलून मळत होती, आणि मी ते कधी पाहिले नव्हते.

बदल फार केले नाहीत. बरण्या गेल्या, डबे परत आले आणि त्यांच्यासाठी उघडी मांडणी. कुठला डबा कुठे, हे आईने ठरवले. माठ शेगडीच्या उजवीकडे आला. पश्चिमेच्या खिडकीवरचे कपाट काढून तिथे ७४ सेंटिमीटरचे टेबल आणि पाठीची खुर्ची ठेवली. शेगडी खिडकीपासून लांबच राहू दिली, वाऱ्याने ज्योत मोडते म्हणून. एक सुरक्षेची गोष्टही याच वेळी लक्षात आली: स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. सिलिंडरच्या बंद कपाटाला भोके वरती होती; ती जमिनीलगत पाडून घेतली. तुमच्या घरी हे आजच बघा.

राहिली खिडकी. रायपूरच्या मे महिन्यात पश्चिमेचे ऊन म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळते. पडदा लावला तर वारा अडतो. याचे उत्तर आमच्याच राज्यात, सरगुजा जिल्ह्यातल्या पुहपुतरा गावात सोनाबाई रजवार यांनी देऊन ठेवले होते. घरात जवळजवळ एकाकी काढलेल्या वर्षांत त्यांनी लहान मुलासाठी मातीची खेळणी केली, मग भिंतींवर उठावाची चित्रे, आणि बांबूच्या पट्ट्यांची वर्तुळे बांधून, त्यांवर माती लिंपून जाळ्या. ऊन गाळले जाते, वारा आत येतो, आणि जाळीत पक्षी, माणसे, साप बसलेले असतात. १९८० च्या दशकात भोपाळच्या भारत भवनाच्या लोकांना हे घर सापडले. पुढे त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सजावट म्हणजे काम उरकल्यावर वरून लावायची गोष्ट, असे आपण धरून चालतो. त्या घरात जाळी हेच काम आणि तीच सजावट. आम्ही बांबूची साधी जाळी करून घेतली. आईने तिच्यावर पहिल्याच आठवड्यात लसणाच्या जुड्या टांगल्या.

नंतर पुन्हा दोरा-आकृती काढली. बायकोची चाल ९२ वरून ६१ मीटरवर आली. आईची ४३ भरली. बेरीज १०४, म्हणजे आधीपेक्षा १२ मीटर जास्त. एकूण चाल कमीत कमी करणे हे उद्दिष्ट धरले तर माझी दुसरी मांडणी नापास होते, आणि परीक्षेत असे गणित आले तर तुम्हीही तसेच लिहाल. पण उद्दिष्ट गणिताने ठरत नाही, ते आधी आपण ठरवून गणितात घालायचे असते. लिहोत्स्कीबाईंच्या आराखड्यावरचा तो जुना आक्षेप मला त्या दिवशी नीट समजला.

स्वाध्याय

१. तुमच्या घरच्या, खानावळीच्या किंवा खोलीतल्या एका शेगडीच्या स्वयंपाकाची एका वेळेची दोरा-आकृती काढा. प्रमाण लिहा. कोण कोण आत येते, त्या प्रत्येकासाठी वेगळ्या रंगाचा दोरा वापरा.

२. रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीची उंची मोजून ओट्याची योग्य उंची काढा आणि प्रत्यक्ष उंचीशी ताडून पाहा.

३. घरातल्या कोणत्या पाच वस्तू डोळे मिटून, नुसत्या स्पर्शाने ओळखू येतात, ते त्या व्यक्तीला विचारा. आकृती काढायला बसण्याआधी विचारा.