हॉटेलातले बाक आणि आपले ताट

आम्हाला बाहेर खायला आवडते, हे आधीच सांगून टाकलेले बरे. आम्ही काही मोठे खवय्ये नव्हे. पगारदार माणूस, महिन्याचा जमाखर्च पैशापैशाने लिहिणारा. पण त्या वहीत ‘किरकोळ’ म्हणून जे जाते, त्यातले निम्मे आलूबोंडा, भजे आणि चहाचे असते. चिखलीला लग्नाला गेलो, मेहकरला सभेला गेलो, मलकापूरला गाडी बदलायची झाली, की काम आटोपण्याआधी नजर हॉटेल शोधू लागते. वर्तमानपत्रातले खाण्यावरचे सदरही आम्ही अग्रलेखाच्या आधी वाचतो. चळवळीतल्या मित्रांना हे जरा उथळ वाटते. वाटो बापडे!

बुलडाणा जिल्ह्यात राहून खाण्यावर लिहायचे आणि शेगावच्या कचोरीचे नाव घ्यायचे नाही, असे कसे चालेल? पंजाबातून आलेल्या तीरथराम करमचंद शर्मा यांनी 1950 च्या दशकाच्या आरंभी ती सुरू केली आणि रेल्वे स्थानकावर ती नावारूपाला आली. स्थानकावरच का, याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. मुंबई-नागपूरची गाडी येथे थांबते ती घटकाभर. तेवढ्यात खिडकीतून घेता आले पाहिजे, ताटवाटी लागता कामा नये, रस्सा सांडता कामा नये आणि पुढच्या प्रवासात ते विटता कामा नये. मैद्याची पारी, आत डाळीचे तिखट, कोरडे सारण आणि सोबत तळलेली हिरवी मिरची. कागदात गुंडाळली की झाले. प्रवाशाची गरज ओळखून केलेला पदार्थ आहे हा! काही लोक तिच्यावर गोड चटणी किंवा सॉस ओततात. त्यांच्याशी आमचे जमत नाही.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला निघालेली मलकापूर, नांदुऱ्याकडची कुटुंबे आपण सर्वांनी पाहिली आहेत. पिशवीत भाकर, ठेचा, कांदा असतोच. तरी शेगाव आले की लेकरे खिडकीला चिकटतात, आणि बापाचा हात खिशात जातो. त्या कचोरीवाल्याने आजवर कोणाला विचारले नाही, की तुम्ही कोण, कुठले.

हे न विचारणे मात्र फुकट मिळालेले नाही.

वाचकहो, बाबासाहेबांच्या लहानपणीचा प्रसंग आठवा. 1901 साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली ती मुले मसूर स्थानकावर उतरली. बैलगाडीत डबे भरलेले, पोटात भूक, पण वाटेत कोणी प्यायला पाणी देईना. आणि पाण्यावाचून घास उतरत नाही. भरलेल्या डब्याशेजारी ती मुले उपाशी झोपली. पुढे 1917 साली, परदेशात शिकून आलेल्या त्याच बाबासाहेबांना बडोद्यात पारशी खानावळीतून सामानासह बाहेर पडावे लागले. एवढी विद्या घेऊनही दोन घास आणि एक खाट मिळेना.

आपल्या आजोबांच्या पिढीने दुसरे रूप पाहिले. खेड्यातल्या हॉटेलाबाहेर वेगळी ठेवलेली कपबशी. ती आपणच घ्यायची, चहा वरून ओतून घ्यायचा, पिऊन झाल्यावर आपणच विसळून ठेवायची. कोल्हापुरात 1920 च्या सुमारास गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले. एका अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? तेव्हा शाहू महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा प्यायले, आणि सोबतच्या मंडळींनाही त्यांनी तो पाजला. राजाने एक कप चहा पिऊन जे केले, ते शंभर भाषणांनी झाले नसते.

पण प्रत्येक गावात शाहू महाराज कोठून आणायचे? म्हणून ते कायद्यात यावे लागले. 26 जानेवारी 1950 पासून लागू झालेल्या संविधानाच्या कलम 15 मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले ही नावे घालून लिहिलेली आहेत. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तेथे कोणाला अडवता येणार नाही. 1955 साली अस्पृश्यता गुन्हे कायदा आला, आणि 1976 मध्ये त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव मिळाले. हॉटेलचे बाक देशाच्या संविधानात आहे, हे आम्ही मुलांना भजे खाता खाता सांगतो. शाळेच्या पुस्तकापेक्षा ते तेथे लवकर समजते.

म्हणूनच घरातली वडील मंडळी “हॉटेलात कशाला पैसे उडवता?” म्हणतात, तेव्हा आम्हाला राहवत नाही. उधळपट्टी नको, हे मान्य. जमाखर्च आम्हीही लिहितो. पण बाजाराच्या दिवशी पुरुष हॉटेलात चहा पितात आणि बायका पिशव्या सांभाळत बाहेर उभ्या राहतात, हे अजून दिसते. जन्मभर दुसऱ्यांना वाढणाऱ्या बाईला महिन्यातून एकदा कोणी तरी बसवून वाढावे. ही रक्कम ‘किरकोळ’मध्ये धरू नये, तिचे वेगळे सदर करावे.

मलकापूर, नांदुरा, खामगाव या महामार्गावर आता नवीच गंमत झाली आहे. ढाब्यांवर पाट्या लागतात: ‘गावरान’, ‘चुलीवरचे’, ‘ज्वारीची भाकर मिळेल’. ज्या चुलीच्या धुराने आमच्या आयांचे डोळे लाल झाले, तिचे नाव सांगून आता जास्तीचे पैसे घेतात! आणि आम्ही देतो. चून-भाकर खातो, बोटे चाटतो, आणि घरच्या चवीची आठवण काढत बिल भरतो.

अशा चवींवर मराठीत लिहिलेलेही पुष्कळ आहे. कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ 1970 साली आले आणि घराघरात गेले. दुर्गाबाई भागवतांचे ‘खमंग’ आहे. पु. लं.चा खाद्यजीवनावरचा लेख आम्ही किती वेळा वाचला असेल! पण ही पुस्तके मिटली की वाटते, यात आपले ताट कुठे आहे? तरोट्याची भाजी, कण्या, 1972 च्या दुष्काळातली सुकडी आणि लाल मिलोची भाकर, उन्हात वाळवलेल्या मांसाच्या चान्या? या स्वयंपाकाला कोणी पाककृती म्हटलेच नाही.

2009 साली पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दलितांच्या खाण्याच्या आठवणी एकत्र केल्या. नंतर 2015 मध्ये शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आले. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होते, कसे शिजत होते, हे त्यांनी कृतीसह लिहिले. 2024 मध्ये ते इंग्रजीतही गेले. मराठवाडा म्हणजे आमच्या सिंदखेड राजा आणि लोणारच्या पलीकडची हद्द. त्या पानांतली चव ओळखीची वाटणारच.

यावर आपल्यातलेच काही जण नाराज होतात. 1927 साली महाडच्या परिषदेत मृत जनावराचे मांस सोडण्याचा ठराव झाला, आपल्या वाडवडिलांनी तो पाळला, मग जुने कशाला उकरता, असे ते म्हणतात. त्यांचे दुखणे आम्ही समजू शकतो. पण बाबासाहेबांनी ते खाणे सोडायला सांगितले. ते का खावे लागले हे विसरायला सांगितले नाही. त्यांनी स्वतःच्या अपमानाचे प्रसंगही लिहून ठेवलेच ना? शिवाय आपली सगळी चूल काही त्या एका गोष्टीची नव्हती. रानातल्या भाज्या होत्या, डाळीचे फुनके आणि कढी होती, पौर्णिमेची खीर होती. ते सर्व ज्या म्हाताऱ्यांना येते, त्या दर वर्षी कमी होत आहेत.

आयाबहिणींनो, या सुट्टीत मुलामुलींना एक वही द्या आणि आजीजवळ बसवा. अडचण मापांची येईल. आजी “मूठभर” म्हणते, “डोळ्याच्या अंदाजाने” म्हणते. तिच्या मुठीतले वाटीत ओतून मोजावे लागते, आणि ती त्यावर चिडते. आमच्या घरी चिवळच्या भाजीपासून सुरुवात झाली आहे. डाळ मुगाची की तुरीची, यावर दोन म्हाताऱ्यांचे अजून एकमत झालेले नाही. तेवढी एक ओळ कोरी ठेवली आहे.